नाव सेम टू सेम, गाणं भलतंच!

स्मार्ट स्पीकरला एकदा सहज फर्मान सोडून बघा, ‘स्टे’ लाव! आता सांगा, कोणतं वाजेल? १९६०चं, मॉरिस विल्यम्स अँड द झोडिअ‍ॅक्सचं? १९९२चं, शेक्सपिअर्स सिस्टरचं? रिहानाचं? की २०२१चं, द किड लरॉय आणि जस्टिन बीबरचं? चारही गाण्यांचं नाव ‘स्टे’. चारही सुपरहिट. आणि चौघांचं एकमेकांशी काडीचंही नातं नाही!

तर मंडळी, आजची मैफल नावापुरत्या जुळ्यांची. आडनाव-गाव-गोत्र सगळं वेगळं, पण हाक मारली की सगळेच ‘ओ’ देतात.

माहीत आहे का? मॉरिस विल्यम्सचं ‘स्टे’ आहे जेमतेम १ मिनिट ३६ सेकंदांचं. अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत पहिला नंबर पटकावणारं हे सगळ्यात छोटं गाणं. इतरांना ‘थांब’ म्हणायचं आणि स्वतः दीड मिनिटात पसार! विल्यम्सनं ते लिहिलं तेव्हा तो होता अवघा १५ वर्षांचा. भेटायला आलेली मुलगी रात्रीचे दहा वाजले म्हणून घरी निघाली, तिला थोपवायची धडपड म्हणजे हे गाणं.

आणखी एक ‘स्टे’ ऐका. १९९४मध्ये लिसा लोब नावाच्या गायिकेनं ‘स्टे’पुढे कंसात ‘आय मिस्ड यू’ जोडलं आणि थेट नंबर वन गाठला. तेव्हा तिच्याकडे एकाही रेकॉर्ड कंपनीचा करार नव्हता! असा पराक्रम करणारी ती पहिलीच. गाणं ‘रिअ‍ॅलिटी बाइट्स’ या सिनेमात पोचलं कसं? तिचा मित्र राहायचा समोरच्याच बिल्डिंगमध्ये, आणि तो होता त्या सिनेमाचा हिरो इथन हॉक. शेजार असावा तर असा!

आता शेक्सपिअर्स सिस्टरचं बघा. बँडचं हे नावच मुळी ‘द स्मिथ्स’ या बँडच्या एका गाण्याच्या नावावरून उचललेलं. स्पेलिंगमध्ये एक अक्षर गळलं, ते गळलेलंच ठेवलं. या बँडची शिवॉन फेही आधी कुठे होती माहीत आहे? बनानारामा या मुलींच्या बँडमध्ये. आणि १९८६मध्ये बनानारामानं अमेरिकेत नंबर वन केलेलं गाणं होतं ‘व्हीनस’.

आता या व्हीनसचीही डबल गंमत. बनानारामाचं ‘व्हीनस’ म्हणजे शॉकिंग ब्लू या डच बँडच्या गाण्याचा नवा अवतार. डच मंडळींचं मूळ गाणंही १९७०मध्ये अमेरिकेत नंबर वन होतं. आणि या दोघांच्याही आधी, १९५९मध्ये, फ्रँकी अ‍ॅव्हलॉननं साफ वेगळं ‘व्हीनस’ गाऊन पहिला नंबर घेतलेला! शुक्राची चांदणी तीनदा उगवली, तीनदा अव्वल.

पण नामसाधर्म्याचा खरा राडा बघायचा तर चला १९८४-८५ सालात. गाण्याचं नाव, ‘द पॉवर ऑफ लव्ह’.

डिसेंबर १९८४. ब्रिटनमध्ये ‘फ्रँकी गोज टु हॉलिवूड’ या बँडचं ‘द पॉवर ऑफ लव्ह’ नंबर वन. पहिल्या तीन सिंगल्सपैकी तिन्ही नंबर वन करणारा हा बँड. लगेच पुढच्या आठवड्यात इथिओपियाच्या दुष्काळासाठी गायलेल्या बँड एडच्या गाण्यानं त्यांना खाली खेचलं, ते सोडा.

ऑगस्ट १९८५. अमेरिकेत ह्युई लुइस अँड द न्यूजचं ‘द पॉवर ऑफ लव्ह’ नंबर वन. हे ‘बॅक टु द फ्युचर’ सिनेमातलं. माहीत आहे का? त्या सिनेमात मार्टी आपल्या बँडची ऑडिशन देतो, तेव्हा एक चष्मेवाला परीक्षक भोंगा हातात घेऊन ‘फार मोठ्यानं वाजवताय’ म्हणत त्यांना बाहेरची वाट दाखवतो. तो परीक्षक म्हणजे खुद्द ह्युई लुइस! आणि मार्टीचा बँड वाजवत असतो तेच, ‘द पॉवर ऑफ लव्ह’. स्वतःच्याच गाण्याला नापास करणारा गायक तुम्ही आणखी कुठे पाहिलाय?

ऑक्टोबर १९८५. पुन्हा ब्रिटन. आता जेनिफर रशचं ‘द पॉवर ऑफ लव्ह’ नंबर वन, सलग ५ आठवडे! बाई न्यूयॉर्कच्या, गाणं घडलं पश्चिम जर्मनीत, आणि डोक्यावर घेतलं ब्रिटिशांनी. त्या वर्षी ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त खपलेलं सिंगल तेच. दहा लाखांच्या वर प्रती विकणारी तिथली पहिली गायिका म्हणून तिची नोंद झाली.

दहा-अकरा महिन्यांत एकाच नावाची तीन वेगवेगळी गाणी, तिन्ही शिखरावर. रेकॉर्डच्या दुकानात काउंटरवर बसणाऱ्यांचं काय झालं असेल! ‘पॉवर ऑफ लव्ह द्या’ म्हटलं की पहिला प्रश्न, ‘कोणाचं?’

आणि तुमच्या-आमच्या ओळखीचं, सेलीन डिऑनचं? ते जेनिफर रशचंच गाणं. मूळ गाणं अमेरिकेत ५७व्या नंबरवर अडकलं होतं. सेलीननं १९९४मध्ये ते पहिल्या नंबरवर नेऊन ठेवलं.

आता तुम्ही म्हणाल, यांनी एकमेकांना कोर्टात खेचलं कसं नाही? खेचणार कशाच्या जोरावर? अमेरिकेच्या कॉपीराइट नियमांत स्पष्ट लिहिलंय : नावं, शीर्षकं, छोटे शब्दप्रयोग यांना कॉपीराइट मिळत नाही. चाल तुमची, शब्द तुमचे, रेकॉर्डिंग तुमचं. नाव मात्र सगळ्यांचं.

आपल्याकडेही तोच न्याय. ‘देसी बॉइज’ हा अक्षयकुमार-जॉन अब्राहमचा सिनेमा आठवतो? त्याच्या नावावरून भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१५मध्ये न्यायालयानं सांगितलं, नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो. मला विचाराल तर फार चांगलं झालं. ‘प्रेम’, ‘चंद्र’, ‘सखी’ या शब्दांवर कुणी कुलूप घातलं असतं तर मराठी भावगीतानं जायचं कुठे?

याची दुसरी बाजूही मस्त आहे. एड शीरनच्या ‘फोटोग्राफ’वर खटला झाला, पण चालीवरून. २०१७मध्ये तो आपसांत मिटला. ‘फोटोग्राफ’ या नावावरून मात्र कुणी चकार शब्द काढला नाही, आणि या नावाची गाणी किती? रिंगो स्टारचं १९७३चं, जॉर्ज हॅरिसनबरोबर लिहिलेलं, अमेरिकेत नंबर वन. डेफ लेपर्डचं १९८३चं. निकलबॅकचं २००५चं. पूर्ण अल्बम भरला की!

मग रॉयल्टीचा चेक नेमका योग्य घरी कसा पोचतो? प्रत्येक रेकॉर्डिंगचं जणू आधार कार्ड असतं : ‘आयएसआरसी’ नावाचा १२ अक्षर-आकड्यांचा कोड. त्यातले काही आकडे वर्षाचे, शेवटचे पाच त्या रेकॉर्डिंगचे. आणि रेकॉर्डिंग वेगळं, रचना वेगळी, म्हणून गीत-चालीसाठी आणखी एक कोड, ‘आयएसडब्ल्यूसी’, सुरुवात ‘टी’ अक्षरानं. माणसं नावात गोंधळतात, मशीन कोड बघतं.

तरी गोंधळ टाळायला गायक-मंडळी काय काय शकला लढवतात! १९८४मध्ये व्हॅन हेलनचं ‘जंप’ गाजत होतं. त्याच वेळी पॉइंटर सिस्टर्सच्या अल्बमवरही एक ‘जंप’ होतं. सिंगल काढताना त्यांनी झटकन कंस उघडला आणि आत ‘फॉर माय लव्ह’ लिहिलं. कंसानं लाज राखली, वर गाण्याला ग्रॅमीही मिळालं!

‘जंप’ची उडी इथेच संपत नाही. १९९२मध्ये क्रिस क्रॉस या पोरसवदा जोडीनं तिसरंच ‘जंप’ आणलं आणि ८ आठवडे अमेरिकेच्या डोक्यावर नाचले. कपडे उलटे घालायचे, पाठ पुढे, पोट मागे! आणि माहीत आहे का, या जोडीतल्या दोघांचंही नाव क्रिसच. गाणं सेम नावाचं, गायकही सेम नावाचे!

जॉर्ज मायकलला तर स्वतःचीच अडचण झाली. व्हॅम! या त्याच्या जुन्या बँडचं ‘फ्रीडम’ १९८४मध्ये ब्रिटनमध्ये नंबर वन होतं. पुढे एकट्यानं गाताना त्यानं नवं ‘फ्रीडम’ लिहिलं आणि शेपटाला सालच चिकटवून टाकलं : ‘फ्रीडम! ’९०’. व्हिडिओत तो स्वतः दिसतच नाही, सगळं गाणं सुपरमॉडेल्स ओठांवर खेळवतात. कॅमेऱ्यामागे कोण? पुढे ‘फाइट क्लब’ करणारा डेव्हिड फिंचर.

आता रॅपिड फायर. सीटबेल्ट लावा!

‘बेस्ट ऑफ माय लव्ह’. ईगल्सनं १९७५मध्ये नंबर वन केलं, आणि दोनच वर्षांनी द इमोशन्स या बहिणींनी त्याच नावाचं वेगळं गाणं नंबर वन केलं.

‘माय लव्ह’. पेट्युला क्लार्क १९६६, पॉल मॅकार्टनी १९७३, जस्टिन टिंबरलेक २००६. तीन गाणी, तिन्ही अमेरिकेत पहिली.

‘गुड व्हायब्रेशन्स’. बीच बॉइजचं १९६६चं गाणं : अनेक महिने, अनेक स्टुडिओ, टेपची भेंडोळीच्या भेंडोळी. २५ वर्षांनी त्याच नावानं नंबर वन गाठणारा रॅपर होता मार्की मार्क. ओळखलंत? तोच आजचा हॉलिवूड स्टार मार्क वॉलबर्ग!

‘हॅलो’. लायनेल रिची १९८४, अडेल २०१५. दोन्ही अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे अव्वल. अडेलचं ‘हॅलो’ अमेरिकेत एकाच आठवड्यात दहा लाखांहून जास्त वेळा डाउनलोड झालं. असं करणारं ते पहिलं गाणं. लोकांनी दोन्ही ‘हॅलो’ एकमेकांना जोडून व्हिडिओ बनवले : रिचीनं फोन केलाय, अडेल उचलतेय. इंटरनेटनं केलेल्या चांगल्या कामांत मी हे वरती धरते.

‘बॅड ब्लड’. १९७५ला नील सेडाका, मागे साथीला आवाज खुद्द एल्टन जॉनचा. २०१५ला टेलर स्विफ्ट. बरोबर ४० वर्षांचं अंतर, दोन्ही नंबर वन.

टेलरचं नाव निघालंच आहे तर जरा बसूया. कारण तिनं नामसाधर्म्याचं हत्यारच करून टाकलं! २०१९मध्ये तिच्या पहिल्या सहा अल्बमच्या मूळ रेकॉर्डिंग्जची, म्हणजे मास्टर्सची, मालकी दुसऱ्याच्या हाती गेली. तिनं काय करावं? तीच गाणी, तीच नावं, पुन्हा स्टुडिओत जाऊन गायली आणि पुढे कंसात लिहिलं ‘टेलर्स व्हर्जन’. चाहत्यांनी जुनी सोडली, नवी धरली. कंसातल्या दोन शब्दांवर अख्खा बाजार फिरला! २०२५मध्ये तिनं ते जुने मास्टर्सही विकत घेतले.

याच फेऱ्यात आलं तिचं ‘ऑल टू वेल’चं लांबलचक रूप : १० मिनिटं १३ सेकंद. नोव्हेंबर २०२१मध्ये ते बिलबोर्डवर पहिलं आलं आणि इतिहासातलं सगळ्यात लांब नंबर वन ठरलं. ‘अमेरिकन पाय’चा जवळपास ५० वर्षांचा विक्रम गेला. मॉरिस विल्यम्सचं ‘स्टे’ तेवढ्यात सहा वेळा वाजवून होईल.

वेड लागलं? मग ‘क्रेझी’ ऐकाच. १९६१चं ‘क्रेझी’ पॅट्सी क्लाइनचं, लिहिलं विली नेल्सननं. मोटार अपघातात तिच्या बरगड्यांना मार बसला होता, रेकॉर्डिंगला वरचे सूर लागेनात. काही दिवसांनी परत आली आणि गाऊन मोकळी झाली. आजही अंगावर काटा येतो. मग सीलचं ‘क्रेझी’, एरोस्मिथचं ‘क्रेझी’, आणि २००६मध्ये नार्ल्स बार्कलीचं ‘क्रेझी’. हे शेवटचं ब्रिटनमध्ये फक्त डाउनलोडच्या जोरावर नंबर वन झालेलं पहिलं गाणं. सीडी दुकानात यायच्या आधीच!

या नार्ल्स बार्कलीमधला अर्धा भाग म्हणजे डेंजर माऊस. त्याचा उद्योग माहीत आहे का? जे-झीचा ‘द ब्लॅक अल्बम’ घेतला, बीटल्सचा ‘व्हाइट अल्बम’ घेतला, दोन्ही घुसळले आणि २००४मध्ये काढला ‘द ग्रे अल्बम’! काळा अधिक पांढरा, उत्तर करडा. बीटल्सच्या रेकॉर्डिंग्जची मालक कंपनी खवळली, नोटिसा गेल्या, आणि अल्बम आणखीच पसरला.

तसा ‘ब्लॅक अल्बम’ प्रिन्सचाही आहे. १९८७ला बाजारात यायच्या तोंडावर त्यानं तो मागे घेतला, निघाला १९९४ला. मेटॅलिकाच्या १९९१च्या अल्बमलाही जग ब्लॅक अल्बमच म्हणतं.

पीटर गॅब्रिएलनं कडी केली. पहिल्या चार अल्बमचं नाव काय? पीटर गॅब्रिएल, पीटर गॅब्रिएल, पीटर गॅब्रिएल आणि पीटर गॅब्रिएल! मासिकाचे अंक निघतात, नाव तेच राहतं, मुखपृष्ठ बदलतं, असा त्याचा हिशेब. चाहत्यांनी मुखपृष्ठं बघून पहिल्या तिघांना टोपणनावं दिली : कार, स्क्रॅच, मेल्ट. वीझर बँडनं पुढे सहा अल्बमना ‘वीझर’च नाव दिलं, ओळखायचे रंगावरून. निळा, हिरवा, लाल, पांढरा, मोरपिशी, काळा.

आता आवाज जरा खाली घ्या. चर्चमध्ये शिरतोय.

‘आवे मारिया’. गोव्यातल्या लग्नात, नाताळात, शोकसभेत तुम्ही ऐकलं असेल. पण कोणतं? शूबर्टचं १८२५चं ‘आवे मारिया’ मुळात चर्चचं गाणंच नव्हे. वॉल्टर स्कॉटच्या ‘द लेडी ऑफ द लेक’ या काव्यातल्या एलन नावाच्या मुलीची ती प्रार्थना. दुसरं आहे बाख आणि गुनो यांचं, दोघांच्या नावावर. पण दोघं एकमेकांना कधी भेटलेच नाहीत! बाखनं १७२२च्या सुमारास पियानोच्या अभ्यासात आज हमखास येणारा प्रेल्यूड लिहिला. त्यावर फ्रेंच गुनोनं सव्वाशेहून जास्त वर्षांनी आपली चाल अलगद ठेवली.

आणि तिसरं? ‘काचिनीचं आवे मारिया’. काचिनी म्हणजे १६१८मध्ये वारलेला इटालियन संगीतकार. जगभरच्या सीडींवर त्याचं नाव छापलेलं. खरा कर्ता मात्र सोव्हिएत रशियातला व्लादिमीर वाविलोव, गिटार आणि ल्यूट वाजवणारा. १९७०च्या त्याच्या रेकॉर्डवर त्यानं ती रचना ‘अज्ञात’ म्हणून टाकली. १९७३मध्ये तो गेला, आणि नंतर कुणीतरी तिला काचिनीचं लेबल लावलं. ती चाल जगभर गेली, वाविलोवला टाळ्यांचा आवाज ऐकू आला नाही. पुढच्या वेळी ते ऐकाल तेव्हा त्याचं नाव एकदा तरी घ्या हो.

चला, आता आपल्या गल्लीत! आपल्या सिनेमात गाण्याला वेगळं नाव नसतंच. मुखड्याचे पहिले शब्द, तेच नाव. मग जुळी होणार नाहीत तर काय?

पहिला मान ‘आजा रे’ला. १९५३च्या ‘आह’मध्ये ‘आजा रे’, संगीत शंकर-जयकिशन. १९५८च्या ‘मधुमती’त ‘आजा रे’, संगीत सलील चौधरी. १९७९च्या ‘नूरी’त ‘आजा रे’, संगीत खय्याम. तीन गाणी, तीन चाली, आवाज एकच, लता मंगेशकर!

थांबा, खरी गंमत पुढे आहे. ‘आह’मध्ये लताबाईंबरोबर गायले होते मुकेश. ‘नूरी’त त्यांच्याबरोबर गायले नितीन मुकेश. म्हणजे एकाच नावाचं गाणं आधी बापाबरोबर, २६ वर्षांनी लेकाबरोबर! त्याआधी तीन वर्षं, २७ ऑगस्ट १९७६ला, अमेरिकेच्या दौऱ्यात डेट्रॉइटला मुकेश गेले. उरलेला कार्यक्रम नितीन मुकेशनी लताबाईंसोबत पुरा केला. हे डोक्यात ठेवून ‘नूरी’तलं ‘आजा रे’ ऐका. मी तर प्रत्येक वेळी आवाज वाढवते.

आणि मधल्या ‘आजा रे’चं काय? ‘मधुमती’च्या त्या गाण्यासाठी लताबाईंना पार्श्वगायनाचं फिल्मफेअर मिळालं. पार्श्वगायनासाठी दिलेलं ते पहिलंच फिल्मफेअर! गायक-गायिका मिळून तेव्हा एकच बाहुली होती.

‘तेरे बिना’ म्हटलं की तुम्हाला कोणता सिनेमा आठवतो? यावरून वय कळतं! ‘आंधी’ १९७५, ‘घर’ १९७८, ‘गुरू’ २००७. पहिल्या दोन्हींचं संगीत पंचमदांचं, तिसऱ्याचं ए. आर. रहमानचं. आणि तिन्ही ‘तेरे बिना’ लिहिणारी लेखणी एकच, गुलजार! तेच दोन शब्द घेऊन ३२ वर्षांत तीन वेगळी घरं बांधायची. आहे कुणाची टाप?

गुलजारसाहेबांचं आणखी एक. ‘मुकद्दर का सिकंदर’मधलं १९७८चं ‘ओ साथी रे’ अनजान यांचं. २००६च्या ‘ओंकारा’तलं ‘ओ साथी रे’ गुलजारांचं. दोन्ही ऐकून बघा, एकाची आठवण दुसऱ्यात औषधालाही येत नाही.

‘माही वे’ तर तिळं आहे : ‘कांटे’ २००२, ‘कल हो ना हो’ २००३, ‘हायवे’ २०१४. एक नाचायचं, एक लग्नात नाचायचं, आणि एक गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत ऐकायचं.

‘बुल्लेया’नं तर दोन पावसाळेही वाट बघितली नाही. २०१६च्या ईदला ‘सुलतान’मध्ये पापोननं गायलेलं ‘बुल्लेया’, त्याच वर्षीच्या दिवाळीला ‘ऐ दिल है मुश्किल’मध्ये अमित मिश्रा आणि शिल्पा राव यांचं ‘बुल्लेया’. ईदला एक, दिवाळीला एक! दोन्हींच्या मागे अठराव्या शतकातले पंजाबी सूफी कवी बाबा बुल्ले शाह. बाबांच्या नावावर सगळ्यांचा हक्क.

‘लग जा गले’ दोन आहेत, माहीत आहे का? ‘वह कौन थी?’मधलं १९६४चं तर पाठच असेल. मदनमोहननी चाल ऐकवली तेव्हा दिग्दर्शक राज खोसला यांना ती आवडली नव्हती; मनोजकुमारनी पुन्हा ऐकायला लावली म्हणून वाचली. दोनच वर्षांनी ‘दस लाख’मध्ये रफीसाहेबांनी वेगळंच, खट्याळ ‘लग जा गले’ गायलं. एकात डोळे पाणावतात, दुसऱ्यात भुवया उडतात.

आणि एकच गाणं, दोन आवाज? ‘मेहबूबा’ (१९७६) सिनेमातलं ‘मेरे नैना सावन भादों’ घ्या. किशोरकुमारनी पंचमना सांगितलं म्हणे, आधी लताचं रेकॉर्ड कर, मी ऐकून ऐकून तयार होतो. शिवरंजनी राग, अवघड मामला. शेवटी दोन्ही आवृत्त्या अशा रंगल्या की कोणती सरस यावर आजही घराघरांत दोन पार्ट्या पडतात.

आता मराठीचा मान! ‘महाराष्ट्र गीत’ म्हणा असं कुणी म्हटलं, तर कोणतं म्हणाल? श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं ‘बहु असोत’ की गोविंदाग्रजांचं ‘मंगल देशा’? दोघांनीही कवितेला दिलेलं नाव जवळपास तेच. आणि नातं बघा : गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी, कोल्हटकरांना गुरू मानणारे. गुरूनं महाराष्ट्राचं गीत लिहिलं, शिष्यानंही लिहिलं, आणि शाळेशाळेत दोन्ही दुमदुमली. अधिकृत राज्यगीताचा मान मात्र तिसऱ्याच गाण्याला. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल, शाहीर साबळे यांचा आवाज : ‘जय जय महाराष्ट्र माझा’. १९ फेब्रुवारी २०२३ला, शिवजयंतीच्या मुहूर्तावर.

‘वंदे मातरम्’ची तऱ्हा उलटी. शब्द बंकिमचंद्रांचेच, चाली किती म्हणून मोजाल! रवींद्रनाथांनी १८९६च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये ते गायलं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी काफीत बांधलं. आपल्या मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांनी झिंझोटीत बांधलं आणि हे गीत बँडवर वाजू शकतं, हे घटना समितीच्या सदस्यांना दाखवायला दिल्ली गाठली. केवढी ती जिद्द! हेमंतकुमारांनी १९५२च्या ‘आनंदमठ’साठी रणगीत केलं, २००२मध्ये बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसनं जगभरच्या श्रोत्यांना आवडतं गाणं विचारलं, तेव्हा ते दुसऱ्या नंबरवर आलं.

कोकणात जाऊया? ‘गोमू’ला हाक मारा, दोघी येतील. एक १९६४च्या ‘वैशाख वणवा’तली, माहेरला निघालेली : गदिमांचे शब्द, दत्ता डावजेकरांची चाल, जितेंद्र अभिषेकींचा आवाज. दुसरी १९७६च्या ‘हा खेळ सावल्यांचा’मधली : सुधीर मोघे, हृदयनाथ मंगेशकर, आवाज आशाबाई आणि हेमंतकुमार. होय, मगाशी ‘आनंदमठ’वाले ते हेच बंगाली हेमंतदा! एका गोमूला मंगेशीच्या अभिषेकींनी माहेरी पोचवलं, दुसरीला बंगाली बाबूंनी साद घातली.

‘जागो मोहन प्यारे’ म्हटलं की शास्त्रीय शिकणारी पोरं भैरव रागाची बंदिश सुरू करतात. सिनेमावाले १९५६च्या ‘जागते रहो’तलं, सलील चौधरींनी भैरवाच्याच सुरांत रंगवलेलं लताबाईंचं गाणं आठवतात. आणि टीव्हीसमोरची मंडळी म्हणतात, अरे ती झी मराठीवरची मालिका ना, अतुल परचुरेंची? तिघंही बरोबर!

‘झिंगाट’ तेच, भाषा वेगळी. ‘सैराट’ २०१६, ‘धडक’ २०१८. शब्द हिंदी झाले, ‘झिंगाट’ हा शब्द मात्र हलवायची कुणाची हिंमत झाली नाही. अजय-अतुलनी ‘सैराट’चं संगीत हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर जाऊन रेकॉर्ड केलं होतं. गावच्या वरातीचा ठेका आणि साथीला हॉलिवूडचा वाद्यवृंद!

आणि आता हुकमाचा एक्का. ‘मेरे सपनों की रानी’. तुम्ही लगेच उघडी जीप, दार्जिलिंगची टॉय ट्रेन, राजेश खन्ना, शर्मिला टागोर असं सगळं बघितलंत ना? १९६९, ‘आराधना’, किशोरकुमार. खन्नासाहेब खरोखर दार्जिलिंगला होते बरं का. शर्मिलाबाई तेव्हा सत्यजित राय यांच्या सिनेमात गुंतलेल्या, म्हणून त्यांची डब्यातली दृश्यं नंतर मुंबईच्या स्टुडिओत टिपली!

पण त्याआधी २३ वर्षं, १९४६च्या ‘शाहजहान’मध्ये, कुंदनलाल सैगल यांनी गायलेलं एक ‘मेरे सपनों की रानी’ आहे. संगीत नौशाद. शेवटाकडे कान देऊन ऐका, एक कोवळा आवाज अचानक पुढे येतो आणि एक ओळ गाऊन जातो. तो आवाज मोहम्मद रफींचा! सैगल आणि रफी एकाच गाण्यात, एका ओळीपुरते.

तेव्हा पुढच्या अंताक्षरीत ‘म’ आला, समोरच्या टीमनं ‘आराधना’वालं आधीच उडवलेलं असलं, तरी घाबरू नका. बिनधास्त सुरू करा, ‘मेरे सपनों की रानी’. ते ओरडतील, ‘झालंय, झालंय!’ त्यांना सांगा, ते १९६९चं झालं. आम्ही १९४६चं म्हणतोय.